मधुदादाची भिंत

फोन मधुदादाच्या नंबरावरून आला होता, म्हणून मी नेहमीसारखाच उचलला. "बोला नाटककार," म्हटलं.  पलीकडून वहिनीचा आवाज आला. "ताई, मी बोलतीय... ह्यांना दवाखान्यात आणलंय. तुम्ही या. घाई करू नका, पण या." घाई करू नका, एवढ्यातच मला कळायचं ते कळलं. मी राजगुरुनगरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. अकरावीचा तास चालू होता. मुलांना पुढचा धडा वाचायला सांगून बाहेर पडले आणि मिळेल त्या गाडीत बसले. चाकणच्या चौकात गाडी रोजच्यासारखी अडकली. पुढं कंटेनर, मागं कंपन्यांच्या बसगाड्या. अशाच एका बसमधून मधुदादा सकाळी फर्स्ट शिफ्टला उतरला होता. गेटवर पंचिंग केलं, आत चार पावलं टाकली आणि भिंतीला टेकून खाली बसला, एवढंच मागाहून कळलं. सोबतच्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी नक्कल करतोय. दोघं हसलेसुद्धा, असं त्यांनीच रडत सांगितलं...

त्याला जाऊन दीड महिना होत आला. त्याच्यावर लिहा असं मला कुणी म्हटलं नाही, मीच पुरवणीच्या संपादकांना फोन केला. मधुकर सोनकांबळे हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्याला कुठला पुरस्कार नव्हता आणि त्याचा एक सिनेमा आला त्यात तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. मी त्याची चुलत बहीण. उदगीरजवळच्या आमच्या गावातून मी कॉलेजसाठी रहाटणीला त्यांच्याकडं राहायला आले, तेव्हा त्या एका खोलीच्या आणि एका हॉलच्या फ्लॅटमध्ये अण्णा, काकू, मधुदादा आणि वहिनी अशी माणसं होतीच. अण्णा म्हणजे मधुदादाचे वडील, माझे थोरले चुलते, भोसरीच्या एका फाउंड्रीत जन्म काढलेला माणूस. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. हे मी जिथं तिथं सांगते, कारण ते सहज मिळालेलं नाही. मधुदादा मात्र मला पहिल्या वर्षापासूनच 'बीए' म्हणायचा. "ए बीए, मीठ दे इकडं." "बीए, ओढणी सांभाळ, पंख्यात जाईल." निकाल लागला तेव्हा म्हणाला, "आता कागदोपत्री झालीस, एवढंच." तो स्वतः आयटीआय करून चाकणला गाड्यांचे पार्ट रंगवणाऱ्या शॉपमध्ये होता. शिफ्ट सुटली की कामगारांच्या नाटकांची तालीम.

हसण्याचं वेड त्याला अण्णांकडून आलं होतं. अण्णा मोठ्यानं हसायचे नाहीत. चेहरा अगदी गंभीर, आणि बोलणं असं की समोरच्याच्या नाकातून चहा यावा. मधुदादाच्या लग्नाला उदगीरकडचे पाहुणे आधी दोन दिवस येऊन उतरले होते. घरात चौदा माणसं आणि बाथरूम एक. अण्णांकडं फाउंड्रीच्या कँटीनची जुनी पितळी टोकनं पडून होती, नंबर कोरलेली. त्यांनी सकाळी बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकली आणि प्रत्येकाला टोकन वाटलं. ज्यांना शिफ्टला जायचंय ते आधी, बाकीचे मागून. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, चिडून म्हणाली, "मी तुझी सख्खी भैन, अन् मला नंबर?" अण्णा तिच्याकडं न बघता म्हणाले, "इथं भैन-भाऊ चालत नाही. टोकन दाखव." आत्यानं टोकन पदरात बांधलं आणि रुसून जिन्यात जाऊन बसली. तिचा नंबर आला तेव्हा अण्णांनी जिन्यात तोंड घालून हाक दिली, "नंबर अकरा. नंबर अकरा हजर नसेल तर पुढच्याला सोडण्यात येईल." सगळी बिल्डिंग दारात आली हसत. लग्न उरकेपर्यंत आत्या अण्णांशी बोलली नाही आणि गावी जाताना टोकन घेऊन गेली.

ह्याच प्रसंगावर मधुदादानं नाटक लिहिलं, 'नंबर अकरा'. कामगारांच्या स्पर्धेत केलं. स्वतः अण्णांचं काम करायचा. मी विंगेत बसून बघितलंय, लोक खुर्चीत वाकून हसत होते. मागच्या भिंतीवर त्यानं घरासारखेच फोटो लावले होते, मधोमध बाबासाहेब, शेजारी बुद्ध. नाटकात त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. भिंत होती, तशी होती. बक्षीस वाटताना एका परीक्षकांनी भाषणात कौतुक केलं आणि म्हणाले, लेखकाची विनोदाची जाण चांगली आहे, मात्र या समाजाचं दुःख नाटकात उतरलेलं नाही.  परत येताना बसमध्ये मधुदादा म्हणाला, "बाथरूम एक आणि माणसं चौदा. आणखी किती दुःख पाहिजे राव त्यांना?" मी हसले. तो नाही हसला.

आणि बाहेरच्यांचं सोडा. आमच्या विहारातले एक आजोबा, ज्यांना सगळे मान देतात, ते दुसऱ्या दिवशी घरी आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मधुकर, चांगलं लिहितोस. पण आपल्या घरातली भांडणं, आपल्या बायकांचं रुसणं, हे दुनियेपुढं कशाला? आपल्यावर हसायला त्यांना आधीच काय कमी आहे?" त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांच्या तरुणपणी लोक त्यांच्यावर कसे हसले असतील ते त्यांनाच ठाऊक. मधुदादानं त्यांना वाकून नमस्कार केला, रिक्षापर्यंत सोडून आला आणि मला म्हणाला, "बघ बीए. एकाला आपण रडत नाही म्हणून वाईट वाटलं, दुसऱ्याला हसलो म्हणून."

त्याला सिनेमाची आवड होती, आणि तीसुद्धा घरगुती विनोदी सिनेमांची. मोठं कुटुंब, लग्नाचा घोळ, हरवलेली अंगठी, एकमेकांत अडकलेल्या सासवा-सुना, शेवटी सगळे एका टेबलावर जेवतात असे सिनेमे. ते तो काकूंना शेजारी बसवून बघायचा. पण म्हणायचा, "त्या टेबलावर आपण कधीच नसतो. आपण सिनेमात येतो दोनदा. एकदा मार खायला आणि एकदा भाषण करायला. विनोदी सिनेमात आलोच तर चहा घेऊन येतो, वाकडं बोलतो, लोक हसतात आणि आत जातो." आमच्या घरांवर आता सिनेमे येतात, चांगले येतात, ते आलेच पाहिजेत. तो ते बघायचा आणि मान खाली घालून बाहेर यायचा. मात्र त्याला हवं होतं ते अगदी बारकं होतं. एक सिनेमा, ज्यात आमच्यासारखं घर आहे, मागं आमच्यासारखी भिंत आहे, आणि त्या भिंतीपुढं माणसं नुसती बाथरूमवरून भांडतायत. कुणी मरत नाही, कुणी कुणाला सुधारत नाही. लोक पोट धरून हसतात आणि घरी जातात. "एवढं झालं ना," तो म्हणायचा, "की मी लिहिणं सोडून देईन." लिहिणं सोडून द्यायची वेळ आली, पण ती अशी आली नाही.

अण्णा गेल्यावर चार-पाच वर्षांनी एका स्पर्धेत 'नंबर अकरा' पुन्हा झालं आणि ते बघायला पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक आला होता. पोरगा नम्र होता, मधुदादाला 'सर' म्हणायचा. त्याला टोकनाची कल्पना भलतीच आवडली. घरी आला, हॉलमध्ये उभा राहून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "सर, आपण इथंच शूट करू. इतकं खरं घर सेट लावून मिळणार नाही." मधुदादानं एकच अट घातली. भिंत आहे तशी राहील. भिंतीवर तेव्हा तीन खिळे होते. मधल्यावर निळ्या कोटातले बाबासाहेब, डावीकडं बुद्ध आणि उजवीकडं अण्णा. अण्णांचा तो फोटो पिंपरी कॅम्पातल्या स्टुडिओत काढलेला. कोट स्टुडिओचा, टाय स्टुडिओचा, फोटो छातीपर्यंतच येणार म्हणून खाली अण्णांचा लेंगा. फोटोग्राफरनं हसू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं ते एखाद्या निवृत्त मोठ्या साहेबासारखे दिसायचे. दिग्दर्शक त्या भिंतीकडं बघून म्हणाला, "सर, शब्द देतो. ही भिंत म्हणजेच आपला सिनेमा."

मला वाटतं, तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याही वर माणसं होती. शूटिंगच्या सकाळी मी रजा टाकून रहाटणीला गेले होते. वहिनीनं अंगणवाडी तपासायला बाई येणार असल्यासारखी फरशी पुसून ठेवली होती. युनिटची माणसं आली, वायरी आल्या, दिवे आले, आणि पंधरा मिनिटांत आम्हा घरच्यांना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं बसवण्यात आलं, कारण हॉलमध्ये जागा नव्हती. थोड्या वेळानं मधुदादा वर आला. चेहरा अण्णांसारखा. "भिंतीवरचे फोटो उतरवतायत," म्हणाला आणि परत खाली गेला. खाली दिग्दर्शक त्याला समजावत होता, ते मी जिन्यातून ऐकलं. "सर, निर्मात्यांचं म्हणणं आहे की तो फोटो दिसला की प्रेक्षक एकदम गंभीर होतो. मग जोक पडत नाही. शिवाय त्याच्यासमोर आत्या रुसली, कुणी काही बोललं, आणि उद्या कुणाच्या भावना दुखावल्या तर... फॅमिली फिल्म आहे सर. आपण भिंत फक्त न्यूट्रल ठेवू." ती न्यूट्रल भिंत मी दुपारी बघितली. मधल्या खिळ्यावर गणपती, डावीकडं एका डोंगराचं चित्र, उजवीकडं भरतकामाचा मोर. जुन्या फ्रेमांमागचा रंग भिंतीवर फिकट राहिला होता, तो झाकायला म्हणून मोर जरा मोठा आणला होता.

तुम्ही म्हणाल, त्यानं तेव्हाच युनिटला बाहेर का नाही काढलं. मी तेच म्हणाले. तो म्हणाला, "सगळी बिल्डिंग जिन्यात उभी आहे बीए. आई साडी बदलून बसलीय. दारात आलेली वरात परत पाठवायची का? आणि टोकन आहे ना अजून. अण्णा आहेत ना त्यात." अण्णांचं काम अर्थात एका नावाजलेल्या नटाला दिलं होतं. मधुदादासाठी पण एक भूमिका होती. प्लंबर. बाथरूमचा नळ तुंबतो आणि प्लंबर येतो. म्हणजे मधुदादानं त्या दिवशी स्वतःच्या घराची बेल वाजवली, हातात पान्हा घेऊन स्वतःच्या दारात उभा राहिला आणि एका परक्या बाईला विचारलं, "बाई, नळ कुटं हाय म्हनायचा?" इतकं ओढूनताणून गावठी आमच्या घरात काकूसुद्धा बोलायच्या नाहीत. दिग्दर्शकानं सांगितलं होतं, थोडं अजून वाकडं बोला सर. पहिल्याच टेकला सगळं युनिट हसलं. वर शेजाऱ्यांच्या घरात ते हसू ऐकू आलं तेव्हा काकू खूश झाल्या. "माझ्या मदूलाच हसायलेत," म्हणाल्या.

युनिट संध्याकाळी गेलं. वहिनी फोटो लावायला गेली तर फोटो नव्हते. काकूंच्या चादरीत गुंडाळून लिफ्टजवळ ठेवले होते. युनिटच्या फ्रेमाही चादरीतच गुंडाळलेल्या होत्या. हमालांनी सगळंच टेम्पोत टाकलं. चार दिवस फोन, आज पाठवतो, उद्या पाठवतो. शेवटी मधुदादा आणि मी माणच्या पलीकडं त्या भाड्यानं सामान देणाऱ्यांच्या शेडवर गेलो. एवढी मोठी शेड की आत कंपनी बसेल. सोफे, देव्हारे, पाळणे, बंदुका, तुळशीवृंदावनं. फ्रेमांची तर भिंतच. तिथला इनचार्ज म्हणजे एक पोक्त माणूस, तोंडात सुपारी. त्यानं आमचं ऐकलं आणि अगदी सहज म्हणाला, "सापडेल ना भाऊ, सगळं जागेवर लावलेलं असतं." बुद्धाची फ्रेम त्यानं लगेच काढून दिली, ती 'बंगला' अशी पट्टी लावलेल्या रॅकवर होती. "बुद्ध लय जातो," म्हणाला. "बंगल्याचा हॉल, हॉटेल, मसाज सेंटर. शांत वाटतं लोकांना." बाबासाहेब तिथं नव्हते. ते दोन रॅक सोडून पलीकडं सापडले. त्या रॅकवर लिहिलं होतं, 'कोर्ट, पोलीस स्टेशन, शाळा'. मधुदादानं फ्रेम हातात घेतली, शर्टानं काच पुसली आणि विचारलं, "घराच्या रॅकवर का नाही लावली?"

"घराला?" त्या माणसानं सुपारी गालात सरकवली. "घराला कुणी मागतच नाही हो. मला इथं इतकी वर्षं झाली. कोर्टाला जाते, ठाण्याला जाते, शाळेला जाते. झोपडीच्या सीनला जाते कधी, रडारड असली की. पण नेहमीच्या घराला... नाही. मी माझ्या घरात लावलीय ना भाऊ, मलाही माहितीय. पण मागणीच नाही." मग त्यानं मधुदादाकडं नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पोरांनी सवयीनं लावली तिथं. राग धरू नका."

राहिले अण्णा. अण्णा तिथं नव्हते. स्टुडिओच्या त्या कोटानं घात केला. शेडवर 'आजोबा' नावाचा वेगळा कप्पा होता, कथेत वारलेल्या आजोबांचे फोटो. आमच्या आधी दोन दिवस कुणीतरी एका मोठ्या बंगल्याच्या शूटिंगसाठी भारदस्त आजोबा मागितले आणि पोरांनी अण्णांना चंदनाचा हार घालून पाठवून दिलं. ती गाडी कुठून कुठं गेली, पुढं कुणाला दिली, काही लागलं नाही. आम्ही परत दोनदा गेलो. नंतर ती शेडच तिथून उठली. फोटोची दुसरी प्रत नव्हती, तो स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता. अण्णांचा नुसता एकट्याचा असा तो एकच फोटो. मधुदादानं घरी येऊन दोन फ्रेमा लावल्या. उजवीकडचा खिळा तसाच राहिला. काकूंनी विचारलं, "अन् ह्ये?" मधुदादा स्टूलवरच उभा होता. म्हणाला, "अण्णा शूटिंगला गेलेत." काकूंना कळायला वेळ लागला. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की रडतायत की काय असं वाटलं. त्यानंतर कुणीही पाहुणा आला आणि त्यानं त्या रिकाम्या खिळ्याबद्दल विचारलं, की मधुदादाचं हेच उत्तर. "अण्णा शूटिंगला गेलेत." प्रत्येक जण हसायचा.

सिनेमा आला तेव्हा आम्ही उदगीरकडचे सगळे मिळून एक आख्खी रांग घेऊन बसलो होतो. पडद्यावर घर दिसलं तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. "आपला ओटा, बग. आपली खिडकी." त्या घरातल्या लोकांचं आडनाव सदाशिव पेठेत शोभेल असं होतं. त्यांचे सण वेगळे, त्यांचं बोलणं वेगळं. आत्या रुसून आमच्याच जिन्यात बसली आणि नावाजलेल्या नटानं अण्णांच्याच आवाजात पुकारलं, "नंबर अकरा." थिएटर हसलं. आम्हीही हसलो, खरं सांगते. विनोद चांगलाच होता. प्लंबर आला तेव्हा सगळ्यात मोठा हशा पडला आणि मधुदादा मान वाकडी करून आमच्या तोंडांकडं बघत होता, कोण कोण हसतंय ते. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत उभे असताना काकू म्हणाल्या, "घर आपलंच हाय की रे मदू. मग आपण कुटं हुतो?" तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर, आई."

त्यानंतर त्याला एक सवय लागली. सिनेमा कुठलाही असो, माणसांकडं बघायचाच नाही. भिंती बघायचा. अण्णांना शोधतो म्हणायचा, आणि मला वाटतं आधी तेच खरं होतं. मग हळूहळू तो सगळ्याच भिंती बघायला लागला. श्रीमंत घर, गरीब घर, चाळ, सोसायटी. "ह्या घरात पण नाही," म्हणायचा आणि पुढं सरकवायचा. एके दिवशी मोबाईलवर कुठलासा हिंदी घरगुती विनोदी सिनेमा बघताना त्यानं बोटानं पडदा थांबवला. एक मोठं जेवणाचं टेबल, त्याभोवती पंधरा माणसं खदखदून हसतायत, आणि मागं भिंतीवर चंदनाच्या हारात अण्णा. कपाळावर उभा टिळा लावलेला. काकूंनी चष्मा आणायला सांगितला. मोबाईल डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघत राहिल्या. "कपाळाला काय फासलंय रे ह्यांच्या?" मग जरा वेळानं, "मोठं घर हाय. बसायला उठायला जागा हाय." आणि मोबाईल परत देताना, "पण सून फोटो पुसत नाही त्या घरची. काचंवर धूळ हाय." मधुदादानं तो पडदा थांबवलेला फोटो मोठा करून छापून आणायचा प्रयत्न केला, पण सगळं फुटून गेलं, अण्णांऐवजी नुसते चौकोन आले. त्या वर्षाच्या आतच काकू गेल्या.

पुढं त्यानं काही लिहिलं नाही असं नाही, पण पूर्ण केलं नाही. नाटकाला माणसं राहिली नव्हती. पूर्वी तालमीला कायम नोकरीतली माणसं असायची. आता शॉपमध्ये सगळी कंत्राटी पोरं, सहा महिन्यांनी ब्रेक, तो संपेपर्यंत दुसरी कंपनी. कुणाला संवाद पाठ करायला लावणार? दिग्दर्शकानं नंतर फोन उचलणं बंद केलं. मी माझ्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात 'नंबर अकरा' करायचं म्हटलं तर आमच्या एक बाई म्हणाल्या, छान आहे, पण तो सिनेमा आलाय ना ह्यावर, मुलं म्हणतील नक्कल केली. मी त्यांना जे सुनावायचं ते सुनावलं. नाटक काही झालं नाही.

शेवटचं भेटले ती दुपार होती. वहिनी तिच्या माहेरी गेली होती, त्यानं मला स्वतः चहा करून दिला, नेहमीसारखा जास्त गोड. मी म्हटलं, "दादा, शेडवर जे झालं ना, त्या तीन रॅकांचं, तेच लिही. त्याच्यापेक्षा विनोदी काय असणार? बापाचा फोटो शोधत फिरणारा मुलगा." त्याचे डोळे क्षणभर चमकले, अगदी पूर्वीसारखे. मग कपात बघत म्हणाला, "लिहीन ग. पण लिहिलं तर ते परत घरात शूटिंगला येतील. आणि ह्या वेळी भिंतीवर काय राहिलंय न्यायला?" मी म्हटलं, असं बोलू नये. तो म्हणाला, "अगं बीए, विनोद केला." आणि टीव्ही लावून भिंती बघत बसला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात वंदना होते त्याच्या, आदल्या दिवशी त्याच्या फोटोवरून घरात वाद झाला. मोबाईलमध्ये, अल्बममध्ये, कुठंही बघा, मधुदादा हसतोय. दात दिसतायत, डोळे मिटलेत, कुणाच्या तरी डोक्यामागं दोन बोटं धरलीत. वहिनीनं एक निवडला होता, अण्णांच्या कामाच्या वेषात, गळ्यात टोकनांची माळ आणि तोंड उघडं. आमचे नातेवाईक जमले होते, विहारातले ते आजोबाही काठी टेकत आले होते. सगळ्यांचं एकच, हा नको. वंदनेच्या वेळी समोर असा फोटो बरा दिसत नाही. लोक काय म्हणतील. मी भांडले. मी म्हटलं, हा माणूस आयुष्यभर एवढ्याचसाठी झिजला की आपल्या भिंतीवर हसणारं कुणीतरी असावं. आजोबांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळ, तुझं खरं असेल. पण माणूस गेलाय. आज तरी नको." वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. न्हाई जमायचं." शेवटी कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. गेटवर सिक्युरिटीनं उभं करून काढलेला. ओठ मिटलेले, डोळे समोर, खाली नंबर होता तो स्टुडिओवाल्यानं पुसून दिला.

तो फोटो कुठं लावायचा हा प्रश्न नव्हता. तीन खिळे होते, एक रिकामा होता. पण वहिनीनं त्याला हात लावू दिला नाही. तिनं भिंतीत चौथा खिळा ठोकून घेतला, पलीकडं, दाराजवळ. परवा मी गेले होते तेव्हा तिच्या माहेरची एक म्हातारी भेटायला आलेली होती. तिनं भिंतीकडं बघितलं, बुद्ध, बाबासाहेब, मग मोकळी जागा, मग मधुदादा. म्हणाली, "मधी ह्यो खिळा रिकामाच कशापायी ठिवलाय गं?"

वहिनी चहा गाळत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

"सासरे शूटिंगला गेलेत," ती म्हणाली.

म्हातारीनं व्हय का, म्हणून मान हलवली आणि कप घ्यायला हात पुढं केला.